मैदान कुणाचं?



इंग्लंडमधल्या बड्या फुटबॉल क्लबांची नावं हल्ली आपल्या घरातल्या मुलांना तोंडपाठ असतात. त्यांच्या यादीत नसलेल्या एका क्लबबद्दल मला या वेळी लिहायचं आहे. नाव ‘डिक, कर लेडीज’. पहिल्या महायुद्धात प्रेस्टन शहरातल्या डिक, कर कंपनीच्या कारखान्यात दारूगोळा बनवणाऱ्या मुलींचा हा संघ. पुरुष आघाडीवर गेले म्हणून या मुली यंत्रांवर आल्या आणि सुट्टीच्या वेळात आवारात फुटबॉल खेळू लागल्या.

१९१७च्या नाताळात त्यांनी पहिला जाहीर सामना खेळला, जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी. दहा हजार माणसं जमली. तीन वर्षांनी नाताळच्याच सुट्टीत लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३,००० प्रेक्षक आत होते आणि हजारो बाहेर ताटकळत होते. एका दिवसात ३,११५ पौंड जमले. खेळणाऱ्या मुलींना खर्चापोटी मिळत दहा शिलिंग.

आणि इथेच बिनसलं. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांना फर्मान काढलं: बायकांच्या सामन्यांना मैदान द्यायचं नाही. कारणं दोन. एक, हा खेळ बायकांना साजेसा नाही. त्याला डॉक्टरांच्या मतांचा आधार होता. त्यात एक नामवंत स्त्री-डॉक्टरही होती, हे वाचून मी जरा थबकले. दुसरं कारण, जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चात जातो. बायकांनी पैसा उभा केला की पहिली शंका हिशोबावर येते, हे बचत गटात काम करणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही वेगळं सांगायला नको. दारूगोळ्याच्या कामात नाजूक देहाची काळजी कुणी केली नव्हती, ती युद्ध संपून पुरुष परतल्यावर सुचली.

मुली थांबल्या नाहीत. मिळेल त्या मोकळ्या जागेवर खेळल्या. १९२२ साली अमेरिकेत गेल्या, तिथे पुरुषांच्या संघांशी खेळून काही सामने जिंकल्याही. लिली पार ही त्यांची डावखुरी खेळाडू. जेमतेम पंधराची असताना संघात आली. नऊशेच्या वर गोल तिच्या नावावर सांगितले जातात. पोटासाठी तिने मनोरुग्णालयात परिचारिकेची नोकरी केली. १९७८ मध्ये ती गेली आणि २००२ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या मानकऱ्यांत तिचं नाव लागलं, स्त्रियांमध्ये पहिलं.

क्लब १९६५ मध्ये बंद पडला. मैदानबंदी उठायला १९७१ उजाडलं. असोसिएशनने माफी मागितली २००८ साली. २०२२च्या युरोपीय स्पर्धेत इंग्लंडच्या मुली वेम्बलीवर जिंकल्या तेव्हा प्रेक्षक होते ८७ हजारांवर. मधल्या पन्नास वर्षांत ज्या मुली खेळल्याच नाहीत, त्यांची मोजदाद कोणत्याच वहीत नाही.

मी ज्या वस्तीत काम करते, तिथे मैदानावर मुलींना येऊ नका असं कुणी म्हणत नाही. फर्मानच नाही, त्यामुळे भांडायचं कुणाशी हेही कळत नाही. संध्याकाळी मुलगे येतात, मुली घरी पाणी भरतात, एवढंच.

तुमच्या गावात, वस्तीत मुलींना मैदान मिळतं का? किती वाजता? ती वेळ कोण ठरवतं? आपापल्या किशोरी गटात विचारून आम्हाला जरूर कळवा. पत्रं पुढच्या अंकात छापू.