पायवाट आपली, मग फाटक कुणाचं?

रविवार उजाडला की पाठीवर पिशव्या अडकवून शहरातली माणसं डोंगराकडे निघतात. सह्याद्रीचे गड-किल्ले आता इतके गजबजलेत की पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा ही मंडळी नवे डोंगर शोधू लागली आहेत. आपल्या सोलापूर जिल्ह्याला डोंगर आहेत कुठे, असं कुणी म्हणेल. पण माळशिरस तालुक्याच्या कडेला शंभू महादेवाची रांग उभी आहे आणि बार्शी ओलांडून पुढं गेलं की बालाघाटाचे डोंगर लागतात. दोन्हीकडे झाडी आहे, तलाव आहेत आणि वर चढून उभं राहिलं की खालचा मुलूख तळहातावर ठेवल्यासारखा दिसतो. येणारा पाहुणा हेच बघायला येतो. त्यानं यावं. प्रश्न एवढाच, की तो ज्या वाटेनं चढतो ती वाट, ज्या तलावाकाठी बसतो तो तलाव, यांचं पुढं काय करायचं हे ठरवणार कोण?

शिंगणापूरचंच घ्या. शिखर सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. पण मुंगी घाटाची चढण सुरू होते ती आपल्या माळशिरस तालुक्यातल्या कोथळे गावच्या शिवारातून. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडची तेल्या भुतोजीची कावड याच घाटानं वर जाते. दोर नाही, यंत्र नाही. माणसांची साखळी करून, एकमेकांच्या हाताला हात देत, उभ्या कड्यावरून ती अवजड कावड चढवतात. ही वाट कुठल्या खात्यानं आखली नाही, तिचं टेंडर निघालं नाही. पिढ्यान् पिढ्या भाविकांच्या, मेंढपाळांच्या आणि गुराख्यांच्या पायांनी ती मळली. वर पोहोचल्यावर पाण्याची सोय मालोजीराजे भोसल्यांनी केली. शिवाजी महाराजांच्या या आजोबांनी तिथं तलाव बांधला, कारण यात्रेला येणाऱ्या माणसांचे पाण्यावाचून हाल होत होते. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं की आधी पाणी, मग गर्दी. आज आराखडे करणाऱ्यांच्या यादीत आधी कमान, मग सेल्फी पॉइंट, मग पेव्हर ब्लॉक आणि पाणी सगळ्यात शेवटी.

बालाघाटाकडची गोष्ट थोडी वेगळी. येडशीचं रामलिंग धाराशिव जिल्ह्यात, पण श्रावणात तिथं बार्शीची माणसं काय कमी असतात? पावसाळ्यात धबधबा, भोवती पानझडी रान, वानरांची टोळकी. 1997 साली सुमारे 22 चौरस किलोमीटरचं हे रान अभयारण्य म्हणून जाहीर झालं. अभयारण्यात शिरायचं तर 1972 चा वन्यजीव कायदा लागतो, परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. रान राखायचं तर कुठंतरी थांबा म्हणावंच लागतं. पण थांबा कुणाला म्हणायचं? लाकूडतोड्याला, शिकाऱ्याला म्हणा. रोज शेरडं घेऊन जाणाऱ्या म्हातारीला आणि रविवारी मोटार लावून आरडाओरडा करणाऱ्या टोळक्याला एकच नियम लावून कसं चालेल?

वरून ठरवलं की काय होतं, ते आपल्या जिल्ह्यानं नान्नजला बघितलं आहे. 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा त्यात सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर जमीन धरली गेली. गावंच्या गावं, पेठा, पिकाऊ वावरं, सगळं आत. खरेदी-विक्रीला अडचण, बांधकामाला अडचण, कर्ज काढायला अडचण. तीनेक दशकांनी हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर शेतकऱ्याच्या मनातून तो पक्षी उतरला होता. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसला तर नवल. पाखराचा यात काय दोष? आणि ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढावा तशी ही अडचण येऊन बसली, त्या माणसाचा तरी काय दोष?

आता तलावांकडे वळू. डोंगराच्या पायथ्याला जे पाझर तलाव दिसतात, त्यातले कितीतरी 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामावर झालेले आहेत. आपल्याच आया-बायांनी डोक्यावर पाट्या वाहून, खडी फोडून, सुकडीवर दिवस काढून ते भराव घातले. पाहुण्याला ते रम्य तळं वाटतं, वाटू दे. गावाला माहीत असतं की खालच्या विहिरीचं पाणी त्या तळ्यावर आहे. त्या भरावावर मोटारसायकली चढवल्या, दगडी अस्तर उसकटलं, पाण्यात गाड्या धुतल्या, तर नुकसान पर्यटनाचं होत नाही. उन्हाळ्यात नुकसान होतं ते मोटेच्या जागी मोटार बसवलेल्या त्या चार-सहा विहिरींचं.

डोंगरउताराचंही तसंच. पाणलोटाची कामं केलेल्या गावाला हे शिकवायला नको. जुनी पायवाट कधी सरळ खाली उतरत नाही, ती आडवी-तिरपी जाते. गुराला चढण सोसली पाहिजे आणि पावसाचं पाणी वाटेनं धावता कामा नये, हे वाट पाडणाऱ्याला ठाऊक होतं. नवखा माणूस मात्र जवळची वाट म्हणून नाकासमोर उतरतो. शंभर माणसं तशी उतरली की पहिल्याच पावसात तिथं ओघळ पडतो आणि तीन पावसाळ्यांत नाली होते. वाटेत सलग समतल चर असेल तर त्याची कड फुटते, आणि चर एका जागी फुटला की वरच्या सगळ्या चरांचं पाणी तिथूनच वाट काढतं. सिमेंटच्या पायऱ्या केल्या तर हे थांबेल असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. पायऱ्यांवरून पाणी अधिक जोरानं पळतं, जनावराचे खूर घसरतात आणि दोन वर्षांत पायऱ्या उखडल्या की दुरुस्तीला पुन्हा ठेकेदार. त्यापेक्षा जुनी वाट साफ करा, जागोजागी आडवे दगड लावून पाणी बाजूला काढा, वळणावर चुन्याची खूण करा. मजुरीचा पैसा गावातच राहील.

आणखी एक धोका आगीचा. फाल्गुन-चैत्रात आपल्या डोंगरावरचं गवत म्हणजे वाळलेली सुतळी. मार्च 2018 मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणवा लागला आणि पायी फिरायला गेलेली वीसहून अधिक माणसं प्राणाला मुकली. आपल्याकडे एका विडीच्या थोटकानं वर्षाचा चारा जातो, मग दावणीची जनावरं बाजार दाखवतात. म्हणून होळीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत डोंगर बंद ठेवायचा की नाही, यात्रेचे दिवस तेवढे सोडून, हे गावानं ठरवावं. माझ्या मते ठेवावा.

पैसा येतो का, असंही विचारलं जाईल. येतो. उजनीच्या फुगवट्यावर, पलीकडे इंदापूर तालुक्यात भिगवण-कुंभारगावला, रोहित पक्षी बघायला माणसं येतात आणि मासेमारी करणारेच नाव वल्हवत त्यांना पक्षी दाखवतात. धरणानं ज्यांचं घेतलं, त्यांच्या हाताला त्याच पाण्यावर काम मिळालं. साताऱ्याच्या कास पठारावर तर आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या शुल्क घेतात, गाडीतळ सांभाळतात, फुलांत कुणी लोळू नये म्हणून उभ्या राहतात. पश्चिम घाटातल्या ठिकाणांबरोबर 2012 साली कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि झुंबड उडाली, तरी पावती गावच्या समितीची राहिली. तिथं भांडणं नाहीत असं नाही, चार गावं म्हटल्यावर कुरबुरी आल्याच. पण भांडण आपसातलं आहे, ठेकेदाराच्या दारात उभं राहून केलेलं नाही.

आपल्याकडे हे जमवायला नवा कायदा लागत नाही. गाव नकाशा काढून बघा. एकेरी तुटक रेष म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीवाट. डोंगराची वाट नकाशावर असेल तर ती कुणाच्या मर्जीवर नाही. कुणी नांगरून टाकली किंवा अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा 1906 चं कलम 5 आहे. फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे अर्ज गेला पाहिजे, आणि इथंच आपण झोपतो. राखीव जंगलातली वाट बंद करायची झाली तरी 1927 च्या भारतीय वन कायद्याचं कलम 25 सांगतं की शासनाची मंजुरी हवी आणि पर्यायी सोयीची वाट आधी असली पाहिजे किंवा दिली पाहिजे. जाळी ठोकून "आता इकडून नाही" म्हणणाऱ्या गार्डाला हे कलम अदबीनं दाखवायला हरकत नाही. गाडीतळाची फी आणि यात्रा कर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 124 मध्ये बसतात. वन खात्याबरोबर समिती करण्याची सोय आपल्या राज्यात 1992 पासून आहे.

अडतं कुठं? अडतं कागदावर. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले, पण नकाशाची गुंडाळी कपाटातच आहे. सरपंचाला कमानीवर नाव पाहिजे असतं आणि तरुण पोरांना वाटतं की पायथ्याला चहा-वडापावची टपरी टाकली की झालं पर्यटन. टपरीला माझा विरोध नाही. पण टपरीमागं कचरा टाकायला कुणाचं वावर आहे, ते आधी विचारा. प्लास्टिक खाऊन गाय मेली की तिची भरपाई कुठला पाहुणा देत नाही.

मुंगी घाटाची यात्रा चैत्रात होते आणि 1 मेची ग्रामसभा त्यानंतर लगेच येते. तोवर कुठला बांध फुटला, कुठं कचरा साचला, कुठल्या वळणावर माणसं आडवाटेला लागली, हे सगळं डोळ्यांसमोर ताजं असतं. डोंगरपायथ्याच्या प्रत्येक गावानं त्या सभेत गाव नकाशा टेबलावर पसरावा. मेंढपाळाला आणि गुराख्याला पुढं बसवावं, कारण वाट त्यांना ठाऊक असते. वाट कोणती, गाडीतळ कुणाच्या गटात, तलावापासून किती अंतरावर थांबायचं, डोंगर कधी बंद, पावती कुणाच्या नावची, एवढ्या पाच गोष्टींचा ठराव लिहून त्याच्या नकला तहसीलदार आणि वनक्षेत्रपालांना द्याव्यात आणि पोच घ्यायला विसरू नये.