मांजर बोलले, म्हणून बिघडले काय?

एखादे पुस्तक मुलांस आवडले की त्याचा दुसरा भाग आहे काय, असे ती तत्काळ विचारतात. आणि तो हाती पडला की पहिल्यासारखा नाही, ही तक्रारही तीच करतात. पुष्कळ शिक्षकांस ही तक्रार पोरकट वाटते. आमचे मत निराळे आहे. पहिल्या भागात वाचक पाहुणा असतो. दुसऱ्यात तो घरच्या माणसासारखा शिरतो, आणि कोणती वस्तू जागेवर नाही हे त्यास उंबऱ्यावरूनच दिसते. अशा वेळी तो जे बोलतो ती खरी टीका होय.

यंदा आठवीच्या वाचनाच्या तासास आम्ही ॲलिसच्या दोन्ही कथा घेतल्या. पहिली 1865 सालची. तिचे मराठी रूप भा. रा. भागवत यांनी ‘जाईची नवलकहाणी’ या नावाने केले आहे. झाडावर बसून बोलणारे, हळूहळू नाहीसे होणारे व अखेरीस केवळ आपले हसू मागे ठेवणारे ते मांजर ह्याच कथेतले. उत्तरभाग 1871 च्या अखेरीस निघाला. त्यात ॲलिस आरशातून पलीकडे जाते आणि बुद्धिबळाच्या पटावर प्याद्याप्रमाणे पुढे सरकत राणी होते. कथा चमत्कारिक खरी, परंतु तिचा कर्ता ऑक्सफर्ड येथील गणिताचा अध्यापक होता, व 1861 साली त्याने डीकन म्हणून दीक्षाही घेतली होती.

या दुसऱ्या भागात ते हसणारे मांजर नाही. वर्गाचा पहिला आक्षेप हाच. मांजराची काळी व पांढरी अशी दोन पिल्ले आहेत, पण ती केवळ गुरगुरतात. ‘न बोलणारी मांजरे तर आमच्या बाजारातही आहेत,’ असे दिवाळे कोळीवाड्याच्या बाजूने येणारा एक मुलगा म्हणाला, आणि मासळीच्या पाटीपाशी डोळे मिटून बसणाऱ्या त्या साधूंस ज्याने पाहिले आहे त्याला हे म्हणणे खोडून काढता येणार नाही. दुसऱ्या एकाने चित्रांवरून ताडले की पांढऱ्या राजाच्या दोन दूतांपैकी एक हा पहिल्या भागातला टोपीवालाच आहे, आणि ॲलिस त्याला ओळखत नाही. जुन्या मित्रास न ओळखणारी नायिका त्याला रुचली नाही. हा आक्षेप आम्हांस मार्मिक वाटतो.

परंतु खरी मौज पुढे झाली. शेवटी ॲलिस लाल राणीला धरून गदागदा हालविते, आणि पाहते तो हातात काळे पिल्लू! एका मुलीने ही पाने पुन्हा वाचली व शांतपणे उभी राहून विचारले, ‘मग लाल राणी सबंध पुस्तकभर बोलते ती कोण? मांजरच ना?’ वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. ज्याच्या अभावाची तक्रार चालली होती ते बोलके मांजर पानोपानी हजर होते. त्याने मुकुट घातल्यामुळे कोणी ओळखले नाही इतकेच. आम्ही हे पुस्तक अनेक वेळा वाचले आहे, पण त्याकडे या दृष्टीने पाहण्यास ती मुलगी यावी लागली.

आता वडील माणसांच्या प्रतिक्रियेविषयी. आमच्या ख्रिस्ती पालकांपैकी एका गृहस्थांनी सौम्य शब्दांत कळविले की, बोलणारी जनावरे, भुते व जादू असलेली पुस्तके मिशनच्या शाळेच्या कपाटात शोभत नाहीत. अनुवादाच्या 18 व्या अध्यायाचा त्यांनी आधार दिला. ही शंका केवळ आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत 2000 ते 2009 या दशकात ज्या पुस्तकांवर ग्रंथालयांत सर्वाधिक हरकती घेण्यात आल्या, त्यांत हॅरी पॉटरची मालिका अग्रस्थानी होती. त्या गृहस्थांचा हेतू शुद्ध आहे व त्यांच्या भक्तीविषयी आम्हांस आदर आहे. तथापि त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य नाही.

बलामाची गाढवी बोलली (गणना, अध्याय 22), हे उत्तर अशा वेळी चटकन दिले जाते. ते पुरेसे नाही. तेथे परमेश्वराने तिचे तोंड उघडले असे शास्त्र सांगते. तो चमत्कार होय, कल्पित कथा नव्हे. परंतु शास्त्यांच्या 9 व्या अध्यायात योथाम डोंगरावर उभा राहून लोकांस सांगतो की, झाडे आपल्यासाठी राजा शोधावयास निघाली, आणि जैतून, अंजीर व द्राक्षवेल यांनी नकार दिल्यावर काटेरी झुडुपाकडे गेली. ही गोष्ट त्याने रचलेली आहे, हे ऐकणाऱ्यांस ठाऊक होते. झाडे बोलत नाहीत म्हणून कोणी त्याला थांबविले नाही. कल्पित वाणीला शास्त्रातच आसन मिळालेले आहे.

अनुवादात निषिद्ध आहे ते जादूटोण्याचे आचरण, आणि त्याचे मूळ भयात असते. महाराष्ट्रास 2013 साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला, तो काही मुले फार हसत होती म्हणून नव्हे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकिणीला पाहून बालप्रेक्षकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलेले ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी सांगावे की त्यांतील किती मुले चेटूक शिकावयास गेली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1830 साली मराठीत आणलेल्या ‘वेताळ पंचविशी’तही प्रेत बोलते. राजाने मौन मोडले की ते पुन्हा झाडावर जाते, आणि ऐकणारा मनातून खूश होतो, कारण आणखी एक गोष्ट निश्चित झाली. उत्तरभागाची गोडी आपल्या लोकांस कोणी परदेशातून आणून दिलेली नाही. उलट, मांजर आडवे गेले म्हणून चार पावले मागे फिरणारी सुशिक्षित माणसे वाशीच्या रस्त्यावर आजही दिसतात. ते मांजर तर एक अक्षरही बोललेले नसते.

बोध कोठे आहे, असेही विचारले जाते. पहिल्याच भागात प्रत्येक गोष्टीतून बोध काढणारी एक सरदारीण आहे, व तिची हनुवटी ॲलिसच्या खांद्यास टोचत असते. याहून अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. अमेरिकन मिशनऱ्यांनी मराठी मुलांसाठी मासिक काढले त्याचे नावही ‘बालबोधमेवा’ असे होते. बोध होताच, पण मेवाही होता.

म्हणून पुस्तके कपाटातच राहावीत, आणि त्यांच्या शेजारी एक कोरी वही असावी, असे आम्ही सुचविले व ते मान्य झाले. उत्तरभाग अखेरीस वाचकालाच विचारतो की हे स्वप्न ॲलिसचे की झोपलेल्या लाल राजाचे. त्यावर वहीत सध्या दोन तट पडले असून भाषा थोडी तिखट झाली आहे. त्या गृहस्थांचा आक्षेपही त्यांच्या संमतीने, नाव न देता, आम्ही तीत उतरून ठेवला. त्याखाली एका मुलाने लिहिले आहे की, बलामाला गाढवी बोलल्याचे आश्चर्य कसे वाटले नाही, तो तिच्याशी सरळ वाद कसा घालू लागला? त्याचे उत्तर अद्याप कोणी लिहिलेले नाही.