ओसरीवर : गाणें कोणाचें?

आमच्या घरीं सोळा माणसें आहेत, आणि सोळाही जणांचें एकमत झालें असा विषय गेल्या कित्येक वर्षांत निघालेला नाहीं. तथापि मतभेद पंगतीपुरताच असावा, हात धुतले कीं तो संपावा, असा मातोश्रींच्या वेळेपासूनचा दंडक आहे. यंदाच्या चैत्रांत मात्र एक वाद पंगत उठली तरी मिटेना. त्याचें मूळ माळ्यावरच्या एका पत्र्याच्या पेटींत होतें, म्हणून आधीं त्या पेटीची हकीकत सांगतों.

१९९६ सालच्या कोजागिरीस आमच्या दिवाणखान्यांत एका वृद्ध बुवांचें गाणें झालें. त्यांच्या कन्येच्या इच्छेस मान देऊन बुवांचें नांव येथें देत नाहीं. जाणकारांत त्यांना मान होता. पण घरोघर तबकड्या जाव्या अशी प्रसिद्धि त्यांच्या वांट्यास आली नाहीं. आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांत लहानथोर सर्व ‘दादा’च म्हणतात, ते गाण्याचे वेडे. त्यांनीं बैठकीपूर्वीं बुवांपुढें हात जोडून विचारलें, “हरकत नसेल तर टेपरेकॉर्डर लावूं का?” बुवा हसून म्हणाले, “लावा कीं. घरीं ऐका, मुलांना ऐकवा. बाजार तेवढा मांडूं नका.” नव्वद मिनिटांच्या तीन कॅसेट भरल्या. पहिलींत बिहाग, दुसरींत मालकंस, तिसरींत ठुमरी आणि पहाटेची भैरवी. दादांनीं त्या पेटींत ठेवल्या, आणि दर कोजागिरीस दुधाबरोबर त्यांतली एखादी वाजूं लागली. बुवा पुढें चारच वर्षें राहिले.

आमचा धाकटा पुतण्या संगणकाच्या धंद्यांत आहे. कॅसेटच्या फिती चिकटूं लागल्याचें पाहून त्यानें त्यांवरील गाणें संगणकांत उतरवून घेतलें. येथवर त्याचें कौतुकच झालें. परंतु तेवढ्यावर न थांबतां त्यानें, कोणासही न विचारतां, तिन्ही कॅसेट इंटरनेटवरील एका लोकप्रिय स्थळीं बुवांच्या नांवानें ठेवून दिल्या. दोन वर्षांत कित्येक हजार लोकांनीं त्या ऐकल्या. नागपूरच्या एका विद्यार्थिनीनें, हा मालकंस ऐकून मी ही बंदिश बसविली, असें लिहिलें. परदेशांतल्या कोणा गृहस्थानें नुसतें ‘डोळे भरून आले’ एवढेंच लिहिलें. पुतण्या हें सर्व आम्हांस वाचून दाखवी, आणि आम्ही सगळे, मी धरून, सुखावून जात असूं.

चैत्रांत एका रविवारीं दुपारीं बुवांच्या कन्या घरीं आल्या. त्या गाण्याच्या शिकवण्या करून संसार चालवितात. वहिनींनीं पन्हें दिलें, डाळ दिली. इकडचें तिकडचें बोलणें झालें. मग त्या म्हणाल्या, “दादा, तुम्ही मुद्दाम कांहीं केलें नाहीं, हें मला ठाऊक आहे. पण त्या रात्रीं बाबांचा घसा धरला होता. बिहाग लागलाच नाहीं. घरीं येऊन ते आईला म्हणाले होते, आज पहिला तास वाया गेला. आणि आज बाबांचें नांव घालून शोधलें कीं सगळ्यांत आधीं तोच बिहाग येतो. माझे विद्यार्थीसुद्धां तोच ऐकतात.” थोडें थांबून त्यांनीं विचारलें, “आणि गाणें सुरू होण्यापूर्वीं साबणाची जाहिरात लागते. तिचे पैसे कोण घेतो?”

दादांनीं पुतण्याकडे पाहिलें. पुतण्यानें शपथेवर सांगितलें कीं त्यास एक पैही मिळालेली नाहीं. तें खरेंच होतें. पैसे ज्याचें स्थळ त्याला मिळत होते. ज्याचा गळा त्याला नव्हे, कीं ज्याची कॅसेट त्यालाही नव्हे.

बाई गेल्या आणि वाद पेटला. पुतण्याचें म्हणणें वरवरचें नव्हतें. तो म्हणाला, “काका, अल्लादियाखांसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, त्यांचा एक सूर आज कोठें ऐकायला मिळतो? भास्करबुवा बखल्यांचें काय उरलें? आठवणी आणि लेख! कोणी चोरून टेप केलें असतें तर आज आपण त्या चोराच्या पायां पडलों असतों.” यावर मजपाशीं तत्काळ उत्तर नव्हतें. गोव्याच्या केसरबाई केरकरांचेंच पाहा. आपलें गाणें यंत्राच्या स्वाधीन करण्याविषयीं त्या सदैव साशंक. तरी त्यांच्या भैरवीची एक तबकडी झाली, म्हणूनच १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत धाडलीं तेव्हां त्यांतील सोनेरी तबकडीवर ती भैरवी गेली. दुसरें यान ५ सप्टेंबरास उडालें, आणि १६ सप्टेंबरास केसरबाई वारल्या.

पुतण्याच्या पिढीस ही वांटावांटीची संवय कोठून लागली, तें सांगण्यासारखें आहे. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनीं ध्वनीचें आकारमान सुमारें दहाव्या हिश्शावर आणणारी ‘एमपी-थ्री’ नांवाची पद्धति सिद्ध केली. कानास जें ऐकूं येण्याजोगें नाहीं तें गाळून टाकावयाचें, ही त्यांतील युक्ति. एवढें लहान झालेलें गाणें टेलिफोनच्या तारेवरूनही जाऊं लागलें. मग १९९९ च्या जूनमध्यें शॉन फॅनिंग नांवाच्या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलानें ‘नॅप्स्टर’ काढलें. त्याच्या स्वतःच्या यंत्रावर गाणें एकही नव्हतें. कोणाच्या संगणकावर कोणतें गाणें आहे याची नुसती यादी होती. यादी पाहावी आणि परस्पर शेजाऱ्याच्या पेटींतून गाणें उचलून आणावें! वर्षदीड वर्षांत कोट्यवधि माणसें त्यांत सामील झालीं.

तबकड्यांच्या कंपन्यांनीं १९९९ च्या डिसेंबरांतच दावा लावला. पण मला नवल वाटतें तें मेटॅलिका या गायकवादकांच्या संचाचें. १९८२ च्या आसपास ही मंडळी अगदीं अप्रसिद्ध होती, तेव्हां त्यांचें गाणें रसिकांनीं एकमेकांस कॅसेट उतरवून देऊनच पसरविलें. तेच २००० सालीं फिर्यादी झाले, आणि त्यांच्या ढोलवादकानें, लार्स उल्रिक यानें, आपलीं गाणीं उचलणाऱ्या तीन लाखांहून अधिक जणांच्या नांवांची यादी नॅप्स्टरच्या दारांत नेऊन टाकली. लोकांनीं त्याची पुष्कळ टिंगल केली. तथापि त्याचें म्हणणें मला आज तितकेंसें हास्यास्पद वाटत नाहीं. त्यांचें एक अपुरें गाणें, अजून त्यावर काम चालू असतांच, बाहेर फुटलें होतें. आपली कृति केव्हां आणि कशा स्वरूपांत जगापुढें जावी हें आपण ठरवूं, एवढाच त्याचा हट्ट. बुवांच्या कन्येचें तरी दुसरें काय म्हणणें होतें?

न्यायालयानें २००१ च्या फेब्रुवारींत नॅप्स्टरच्या विरुद्ध निकाल दिला, जुलैंत तें बंद पडलें. पुढें कंपन्यांनीं श्रोत्यांवरच खटले भरले. २००३ सालीं न्यूयॉर्कच्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या घरून दोन हजार डॉलर वसूल झाले. मिनेसोटांतील एका बाईस चोवीस गाण्यांबद्दल ज्यूरीनें एकदां एकोणीस लाख वीस हजार डॉलरांचा दंड ठोठावला, तो अखेरीस दोन लाख बावीस हजारांवर आला. कायद्यानें आपलें हंसें करून घ्यावें तें असें. आणि या साऱ्यांतून गायकाच्या पदरांत काय पडलें म्हणाल, तर फारसें कांहीं नाहीं. कोर्टनी लव्ह नांवाच्या गायिकेनें २००० सालीं भर सभेंत हिशेब मांडून विचारलें होतें कीं खरे चांचे कोण, श्रोते कीं कंपन्या?

आपल्याकडे तर गायकास कायद्यानें कित्येक वर्षें ओळखलेंच नाहीं. १९५७ च्या कायद्यांत कवीचा हक्क होता, संगीतकाराचा होता, तबकडी काढणाऱ्याचा होता, गाणाऱ्याचा नव्हता. गाणारा म्हणजे जणूं भाड्याचा तंबोरा! १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत लता मंगेशकरांनीं, तबकड्यांच्या विक्रींतून गायकास अंश मिळावा, असा आग्रह धरला. महंमद रफींचें मत, एकदां मेहनताना घेतला कीं व्यवहार संपला. दोघेंही आपल्या परी प्रामाणिक. पण त्यापायीं कांहीं वर्षें तीं दोघें एकत्र गाईनात. १९७७ सालीं चित्रपटनिर्माते व संगीतकार यांच्यांतील वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें दिला, तेव्हां न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं आपल्या स्वतंत्र मतपत्रांत खंत व्यक्त केली कीं आमचा कायदा रचणाऱ्यास राखतो आणि गाणाऱ्यास वाऱ्यावर सोडतो. त्यानंतरही सतरा वर्षें गेलीं. १९९४ च्या दुरुस्तीनें प्रथम ‘प्रयोगकर्त्याचा हक्क’ आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें तो बळकट झाला. आतां आपलें गाणें ध्वनिमुद्रित करूं द्यावें कीं नाहीं, तें लोकांत प्रसृत व्हावें कीं नाहीं, हें ठरविणें गायकाच्या हातीं आहे. आणि त्याचें नांव सांगितलें जाणें व गाण्याची मोडतोड न होणें, हाही त्याचा हक्क आहे. मुदत, गाणें झालें त्याच्या पुढील वर्षारंभापासून पन्नास वर्षें. म्हणजे आमच्या कोजागिरीचें गाणें २०४६ अखेरपर्यंत बुवांचें आणि त्यांच्या पश्चात् वारसांचें.

आमच्या आळींतील एका वकिलांनीं हें समजावून सांगितलें तेव्हां दादा गोंधळून गेले. “म्हणजे टेप करणें हाच गुन्हा होता कीं काय?” वकील म्हणाले, मुळींच नाहीं. स्वतःच्या खासगी उपयोगाकरितां, अथवा शिकण्याशिकविण्यासाठीं वा अभ्यासासाठीं केलेल्या ध्वनिमुद्रणास कायदा मोकळीक देतो. उलट यंत्र तुम्हीं लावलें, खटपट तुमची, तेव्हां कायद्याच्या भाषेंत या ध्वनिमुद्रणाचे ‘निर्माते’ तुम्हीच! बहात्तराव्या वर्षीं आपण निर्माते असल्याचें कळून दादांस हसूं आलें. पण निर्मात्याचा हक्क वेगळा आणि गायकाचा वेगळा. एकाच्या अनुमतीनें दुसऱ्याचा बुडत नाहीं. माजघरांत ऐकणें निराळें आणि चव्हाट्यावर लावणें निराळें, हा जो फरक बुवांनीं एका वाक्यांत केला होता, तोच कायद्यानें अनेक कलमांत केला आहे.

आणखी एक गोष्ट वकिलांनीं सांगितली, ती मला फार उद्बोधक वाटली. १९९४ पूर्वीं संगीतरचना कायद्याच्या लेखीं रचना ठरावयास ती कागदावर उतरलेली असावी लागे. ज्या देशांत गुरूनें शिष्यास समोर बसवून मुखानें विद्या दिली, तेथें हा नियम! मालकंसांतली ती द्रुत बंदिश बुवांनीं स्वतः रचलेली; त्यांनीं ती कधींही लिहिली नव्हती. आज ती लिहिलेली नसली तरी त्यांचीच.

कायदा असा स्पष्ट झाला, तरी पुतण्याचें मन वळलें नाहीं. त्या रात्रीं त्यानें तिन्ही गाणीं काढून टाकलीं खरीं, पण जेवला नाहीं. “नागपूरच्या त्या मुलीनें आतां कोठें ऐकायचें?” एवढेंच तो म्हणाला. वहिनींनीं त्यावर जें सुचविलें तें आम्हां शहाण्यांपैकीं कोणाच्याही डोक्यांत आलें नव्हतें. त्या म्हणाल्या, “अरे, बाई तर दोन गल्ल्यांवर राहतात. जाऊन विचार ना.”

तो गेला. संगणकांत उतरविलेलें सर्व गाणें आणि मूळ कॅसेटही त्यानें त्यांच्यापुढें ठेवल्या. बाईंनीं मालकंस पूर्वीं नीट ऐकलाच नव्हता. बिहागाच्या आरंभींच त्या ऐकणें थांबवीत. दोघांनीं बसून तो सबंध ऐकला. त्यांनीं काय म्हटलें हें पुतण्या सांगत नाहीं. मीही विचारलें नाहीं. पंधरा दिवसांनीं मालकंस पुन्हां त्या स्थळीं गेला, या वेळीं बाईंच्या नांवावरून, आणि जाहिरातीचा जो काय अंश मिळेल तो त्यांच्या खात्यांत जमा होईल अशी व्यवस्था करून. पहिला हिशेब आला तो वहिनींच्या मतें एका वेळच्या भाजीपुरता होता. भैरवीचा निर्णय त्यांनीं अजून केलेला नाहीं. बिहाग पेटींत परत आला आहे, आणि कोजागिरीस तो आमच्याकडे वाजेल तेव्हां ऐकावयास येण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे.

एक काम मात्र अडून राहिलें. मालकंसाबरोबर साथीदारांचीं नांवें द्यावीं असा बाईंचा आग्रह. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान ध्वनिमुद्रणास बसली, तेव्हां गाणें संपतांच तिनें मोठ्यानें आपलें नांव पुकारलें. तबकडी जर्मनींत हॅनोव्हरला तयार व्हावयाची, तेथील कारागिरांस गाणारीण कोण हें कळावें म्हणून. आमच्या कॅसेटवर असें कोणी पुकारलें नाहीं. पेटीवर आमचे मामा होते, हें सर्वांस ठाऊक आहे. तबल्यावरचे नेहमीचे गृहस्थ त्या दिवशीं आजारी पडल्यानें बुवांनीं ऐन वेळीं एक विशीचा तरुण बरोबर आणला होता. द्रुत तीनतालांत त्यानें असा कांहीं ठेका धरला आहे कीं मधेंच बुवांची ‘वाहवा’ स्पष्ट ऐकूं येते. तो कोण, कोठला, हें दादांस आठवत नाहीं, बाईंस ठाऊक नाहीं, आणि मामा तर आतां नाहींत. त्या रात्रीं आमच्या दिवाणखान्यांत चाळीसएक माणसें होतीं, त्यांपैकीं कांहीं या मासिकाचीं वर्गणीदार आहेत. त्यांतील कोणास त्या मुलाचें नांव स्मरत असेल, तर त्यांनीं संपादकांच्या पत्त्यावर मला अवश्य कळवावें.