उत्तर बरोबर, रीत चूक

हल्ली शाळांतून संगणकाचे शिक्षण दिले जाते, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मुलांनी रचलेल्या आज्ञावलीची परीक्षा केवळ पडद्यावर उमटलेल्या उत्तरावरून करण्याचा जो प्रघात पडला आहे, तो आम्हांस घातक वाटतो.

एक उदाहरण घेऊ. सी भाषेत एका विद्यार्थ्याने पाच विषयांचे गुण ओळीने मांडले: ६१, ४८, ७२, ५५ व ६४. बेरीज ३००, सरासरी ६०. मात्र बेरजेच्या फेऱ्यांची मर्यादा लिहिताना ‘पाचाहून कमी’ऐवजी ‘पाच किंवा कमी’ असे पडले. या भाषेत मोजणी शून्यापासून होत असल्यामुळे फेऱ्या सहा झाल्या, आणि यंत्राने स्मृतीतील सहाव्या, परक्या घरात हात घातला. तेथे ३२७६७ हा आकडा पडलेला असेल, तर सरासरी ६६१३ येते व मुलगा चपापतो. पण तेथे शून्य असले म्हणजे? सरासरी बिनचूक ६० येते, शिक्षक पूर्ण गुण देतात, आणि चूक तशीच निजून राहते. या दुसऱ्या मुलालाच आम्ही अधिक दुर्दैवी समजतो.

उपाय नवा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली जीडीबी नावाचा डीबगर, म्हणजे दोषशोधक, तयार केला. तो आजही विनामूल्य मिळतो. त्याच्या साह्याने आज्ञावली मध्येच थांबवावी आणि ‘एक्स’ ही एकाक्षरी आज्ञा टंकावी. तिच्यापुढे तिरकी रेघ देऊन किती घरे, कोणत्या रूपात व केवढ्या आकाराची पाहावयाची ते लिहावे, आणि शेवटी पत्ता द्यावा. तिरक्या रेघेनंतर ‘६ डीडब्ल्यू’ व गुणांच्या ओळीचे नाव दिले, की चार-चार बाइटांची सहा घरे दशमान आकड्यांत समोर येतात. पाच आकडे ओळखीचे. हा सहावा पाहुणा कोठला, असे विद्यार्थी मग आपण होऊनच विचारतो.

याच आज्ञेने आणखी एक गोष्ट उमजते, आणि ती आम्हांस फार मोलाची वाटते. इंटेलच्या प्रोसेसरवर १००० ही चार बाइटांची संख्या बाइटाबाइटाने पाहिली, तर २३२, ३, ०, ० अशी दिसते. कारण लहान किमतीचा बाइट आधी ठेवण्याची तेथील रीत आहे. ३ गुणिले २५६ अधिक २३२, हे करून पाहावे. आपला ‘क’ यूटीएफ-८ पद्धतीने साठविला असता २२४, १६४, १४९ असे तीन बाइट व्यापतो. म्हणजे स्मृतीत ना अक्षर, ना संख्या, नुसते बाइट. त्यांस काय म्हणून वाचावे, हे विचारणाराच ठरवितो.

कित्येकांचे म्हणणे असे की, जागोजागी छपाईच्या आज्ञा घातल्या म्हणजे काम भागते. पुष्कळदा भागतेही. पण तशी एक ओळ वाढविल्याने स्मृतीतील मांडणीच कधी कधी बदलते, आणि जी चूक धरावयाची तीच दडून बसते.

आमची सूचना एवढीच की, प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तराशेजारी त्या घरांत काय आढळले तेही लिहावयास लावावे, व निम्मे गुण त्यास द्यावे. पालकांनीही घरी ‘उत्तर आले का?’ एवढ्यावर न थांबता ‘सहाव्या घरात काय होते?’ असे विचारावे. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. आठवड्याचा एक तास मात्र मोकळा करावा लागेल, आणि तो कोणत्या विषयाचा घ्यावा यावर शिक्षकांच्या खोलीत बराच वाद होईल, हे आम्ही जाणून आहोत.