नाव माओरींचे, बाजार जगाचा

'मानुका' म्हणताच मराठी माणसाला वाळलेली द्राक्षे आठवतील. परंतु न्यूझीलंडची मानुका निराळी. जांभूळ व लवंग ज्या कुळातील, त्याच कुळातील लेप्टोस्पर्मम प्रजातीचे हे पांढऱ्या फुलांचे झुडूप. तेथील माओरी समाजाने त्याला हे नाव दिले, त्याची साल व पाने औषधात वापरली, चिवट लाकडाची वल्ही आणि अवजारे घडवली. गोऱ्या वसाहतवाल्यांना मात्र ते कुरणांच्या आड येणारे रान वाटले. त्यांनी ते तोडले, जाळले.

पुढे चित्र पालटले. १९८० च्या दशकात वैकाटो विद्यापीठाचे पीटर मोलन यांनी मानुकेच्या मधातील विशेष जंतुनाशक गुण दाखवून दिला. २००८ मध्ये त्यामागील मिथिलग्लायोक्झाल हे द्रव्य ओळखले गेले. मध महागला आणि नावाला मोल आले.

हे नाव केवळ आपल्या मधासाठी राखून ठेवावे, अशी न्यूझीलंडच्या उत्पादकांची मागणी होती. ऑस्ट्रेलियाने हरकत घेतली. हे झुडूप तेथेही निसर्गतः उगवते, हा त्यांचा मुद्दा निराधार नाही. परंतु झुडूप दोन्ही देशांचे असले, तरी शब्द माओरींचाच आहे. तरीही २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये आणि २०२३ मध्ये प्रत्यक्ष न्यूझीलंडमध्ये ही मागणी फेटाळली गेली. देशी वनस्पती व त्यांविषयीचे ज्ञान यांवरील हक्कांचा दावा माओरींनी १९९१ मध्येच वैतांगी न्यायाधिकरणापुढे मांडला होता; अहवाल येण्यास २०११ साल उजाडले. बाजार तोवर थांबला नाही.

परंपरा सत्य असून भागत नाही; तिचा पुरावा वेळेवर मांडता यावा लागतो. भारताने हे हळदीच्या निमित्ताने अनुभवले आहे. जखमेवर हळद लावण्याचे एकस्व अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथाधार सादर केले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. तेथे भावना नव्हे, लिखित आधार कामी आला.

परंतु आजीबाईच्या बटव्यातील, वनवासी वैदूंच्या स्मृतीतील कितीतरी ज्ञान कोणत्याच ग्रंथात नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने त्यासाठी गावोगावी लोक जैवविविधता नोंदवहीची तरतूद केली आहे. ती वही केवळ सरकारी कागद राहू नये. जाणत्या वृद्धांना विचारून, झाडांची स्थानिक नावे व उपयोग तीत नोंदवणे सुशिक्षित तरुणांना सहज शक्य आहे. स्वत्वाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने हे काम दुसऱ्याने दावा सांगण्यापूर्वीच करावयास हवे.