कमावलेली विश्रांती, चिठ्ठीतली विश्रांती

प्रो कबड्डीच्या २०१९ ते २०२४ या काळातील पाच हंगामांत गुणतक्त्यातले पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जात. पुढच्या चौघांना आधी एक बाद सामना खेळावा लागे. पाचही वेळा विजेता त्या दोघांतलाच निघाला. १ मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले. हरियाणाचा तो पाच दिवसांतला तिसरा सामना होता, पलटणचा दुसरा. तरीही याला अन्याय म्हणवत नाही. ती सवड पलटणने साखळी फेरीत अव्वल राहून कमावली होती.

अन्याय पाहायचा तर भातकापणीनंतर कर्जत-खालापूरकडे यावे. एका रात्रीत उरकायच्या गावच्या स्पर्धांत सारा कारभार चिठ्ठ्यांवर. खरी मेख पहाटे. दुसरा उपांत्य सामना जिंकलेली पोरे घाम पुसतात न पुसतात तोच अंतिम सामन्याचा पुकारा होतो. पहिला उपांत्य सामना जिंकलेला संघ तोवर चांगला पाऊण तास पाय पसरून बसलेला. हे कुणी कमावलेले नसते. दोन मैदाने आखलेली असतील तिथे दोन्ही उपांत्य सामने एकाच वेळी लावावेत. एकच असेल, तर पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणे अंतिम सामन्याच्या आधी ठेवावीत. भाषणे लांबली तरी मग कुणाची तक्रार नसेल, निदान खेळाडूंची तरी.