उणे अठराची गोष्ट

आइस्क्रीमचा फॅमिली पॅक उघडलात, वर पांढरा बर्फाचा भुगा दिसला आणि पहिलाच घास दाताखाली कचकचला, तर लगेच कंपनीच्या नावानं बोटं मोडू नका. फॅक्टरीतून निघताना ते बहुतेक मस्त मुलायम होतं. वाटेत कुठेतरी त्याला उकडलं आणि मग परत थंडी वाजली. बस, एवढंच झालं.

यामागचं लॉजिक भारी आहे. उणे १८ अंशांतही आइस्क्रीममधलं सगळं पाणी गोठलेलं नसतं. साखरेमुळे थोडं पातळच राहतं. तापमान उणे १० पर्यंत चढलं की बर्फाचे बारीक कण विरघळतात. पुन्हा थंड केलं की ते पाणी उरलेल्या मोठ्या कणांवर जाऊन बसतं. थोडक्यात, श्रीमंत आणखी श्रीमंत! असं चार-पाचदा झालं की झालीच कचकच.

फ्रोझन मालासाठी उणे १८ हा आकडा जगभर चालतो. फॅक्टरीपासून तुमच्या किचनपर्यंत तो कुठेही तुटू नये, म्हणून तर तिला कोल्ड 'चेन' म्हणायचं. आणि ही चेन आपल्याला जमत नाही असं अजिबात नाही. माझा एक मित्र नाशिकजवळ द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये आहे. (जानेवारी ते एप्रिल त्याला फोन करायचा नाही, असा आमच्या ग्रुपचा नियम आहे.) पहाटे गारव्यात तोडलेली द्राक्षं काही तासांत चार-पाच अंशांपर्यंत उतरवायची, मग शून्याच्या आसपास ठेवायची, आणि मगच कंटेनरमध्ये भरायची. ''अगं, रीफर कंटेनर म्हणजे फ्रिज नव्हे,'' तो म्हणतो. ''थंड माल थंड ठेवणं एवढंच त्याचं काम. शेतातली ऊब घेऊन माल आत गेला, की संपलं.'' कंटेनरमध्ये गार हवा खालून येते आणि मालातून वर जाते. म्हणून आत वरच्या बाजूला एक लाल रेघ असते. तिच्यावर माल रचायचा नाही, नाहीतर हवा फिरत नाही. सोबत तापमानाची नोंद ठेवणारं छोटं यंत्र. २०२४च्या हंगामात तांबड्या समुद्रात हल्ले होत होते, तेव्हा बोटी आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून युरोपला गेल्या. इतक्या लांबूनही द्राक्षं पोचली.

तशीच रेघ तुमच्या जवळच्या दुकानातल्या उघड्या फ्रीझरलाही असते. पुढच्या वेळी बघा. तिच्यावर मटारची पाकिटं, त्यावर नगेट्स, त्यावर कुल्फीचा डोंगर! वरचा माल थंड हवेच्या बाहेरच. त्यात काही ठिकाणी रात्री फ्रीझरचं बटण बंद. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराला मी एकदा विचारलंच, ''शेठ, रात्री बंद करता का हो?'' तर म्हणाले, ''ताई, लाइटबिल तुम्ही भरणार?'' खरं सांगू, मला त्यांचा रागही येईना. कुल्फीवर सुटणार किती, आणि बिल येणार किती!

आणि आपण? ऑर्डर दहा मिनिटांत हवी म्हणून अॅपवर डोळे लावून बसतो. ती येते तेव्हा आपण मीटिंगमध्ये. मग ''वॉचमनकडे ठेवा ना प्लीज.'' मे महिना, पत्र्याची केबिन, त्यात पाऊण तास चिकन.

आइस्क्रीम निदान कचकचून सांगतं तरी. चिकन काही बोलत नाही, पनीर तर बिलकूल नाही. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतूंची चैन असते, आणि अनुकूल हवामानात काही जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. परत फ्रीझरमध्ये टाकलं की ते मरतात, हा आपला गोड गैरसमज. ते नुसते झोपतात. वास, रंग सगळं ठीकठाक, आणि सोमवारी तुम्ही सिक लीव्हवर.

म्हणून मी आता मटारचं पाकीट आधी हलवून बघते. दाणे खुळखुळले तर घ्यायचं. आत एकच ढेकूळ असेल तर ते कधीतरी वितळून परत गोठलेलं आहे, सरळ परत ठेवायचं. फ्रोझन वस्तू सगळ्यात शेवटी ट्रॉलीत, आणि वरच्या थरातलं पाकीट न घेता हात खाली घालून. (लोक बघतात. बघू देत.) चिकन मागवलं की त्या वेळी घरी कुणीतरी हवंच, नाहीतर मागवायचं नाही.

आणि हो, दूध फ्रिजच्या दारात ठेवू नका. दर वेळी दार उघडलं की पहिला गरम वारा तिथेच लागतो. त्याची जागा आत, मागच्या बाजूला. माझ्या फ्रिजच्या दारात सध्या सॉस, आईचं लोणचं आणि दोन नेलपॉलिश आहेत.